प्लायवूडवाल्याच्या मुलाला बोटी बांधायच्या आहेत

प्रश्न : पुण्यात टिंबर मार्केटमध्ये आमचं प्लायवूडचं दुकान आहे. मुलगा बारावी सायन्सला. त्याला बोटी बांधायचं शिकायचंय. मी म्हणतो, आता बोटी फायबरच्या, त्यात प्लाय घातला तर कुजतो. याला काय भविष्य? – एक वडील

उत्तर : नमस्कार. प्लाय कुजतो हे खरंच, पण त्याची गरज संपलेली नाही. फायबरच्या दोन थरांमध्ये भरण लागतं. त्यासाठी घनमीटरला साधारण 80 किलोचा फोम मिळत असताना पाच-सहाशे किलोचा प्लाय सगळीकडे घालणं चूकच. पण बोटीच्या मागच्या ज्या फळीवर इंजिन लटकतं, तिथे बोल्ट आवळला की फोम चिरडतो. तिथे प्लाय टिकतो.

कुजणं सुरू होतं ते स्क्रूच्या भोकातून. पाणी आत शिरतं, लाकडाच्या रेषांवरून पसरतं आणि बंद जागेत वाळत नाही. वरून फायबर चकचकीतच दिसतं. आयएस 710, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का तुम्ही रोज बघता. तो प्लाय 72 तास उकळला तरी थर सुटत नाहीत, म्हणून काही कड उघडी ठेवून चालत नाही. चांगला कारागीर भोक मुद्दाम मोठं पाडतो, दाट इपॉक्सीने (कडक होणाऱ्या चिकट रेझिनने) भरतो आणि ते कडक झाल्यावर त्यातून बोल्टापुरतं भोक पाडतो. मग पाण्याला लाकूड सापडतच नाही. कुठे प्लाय, कुठे फोम, कड कशी बंद करायची, याची जाण म्हणजेच हा पेशा. तुमच्या मुलाला निम्मी घरातच मिळाली आहे, तिला कमी लेखू नका.

शिक्षणाचं म्हणाल तर नेव्हल आर्किटेक्चरचं, म्हणजे जहाजं-बोटींच्या रचनेचं बी.टेक. खरगपूर आणि मद्रास आयआयटीत, कोचीच्या कुसॅट विद्यापीठात आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम कॅम्पसमध्ये होतं. आयआयटीला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, बाकी दोघांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या. गणित कच्चं ठेवून चालणार नाही. तिथे नंबर लागला नाही, तर पुण्यातच मेकॅनिकल करून कंपोझिट्समध्ये (फायबर-रेझिनसारख्या मिश्र साहित्यात) प्रोजेक्ट घ्यावा. हा मार्गही मला तितकाच भरवशाचा वाटतो. काम मात्र गोवा, कोची अशा किनाऱ्यावर. पुणे सोडायची तयारी तुम्हा दोघांचीही हवी.

फॉर्म भरण्याआधी त्याला दुकानातलेच दोन तुकडे द्या. दोन्हींना रेझिनने फायबर चढवू दे, कडाही बंद करू दे. मग एकात नुसतं भोक, दुसऱ्यात इपॉक्सी भरून पाडलेलं. पंधरा दिवस पाण्यात बुडवून रोज वजन वहीत लिहू दे. न सांगता रोज लिहीत असेल, तर त्याला अडवू नका. रेझिन हाताळताना हातमोजे घालायला लावा आणि शटर उघडं ठेवा.