वाचकांचे प्रश्न : एका राज्याला तीन गव्हर्नर

स. न. वि. वि. मुलगी नोकरीनिमित्त अटलांटाला असते. तिथल्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधान भवनात, तिला सांगण्यात आलं की 1947 मध्ये अमेरिकेतल्या या जॉर्जिया राज्याला एकाच वेळी तीन गव्हर्नर होते. असं होऊच कसं शकतं? निवडणुकीत एकच जण जिंकतो ना?
— एक वाचक, गुहागर

जिंकला एकच होता, पण तो शपथेआधी वारला. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

जॉर्जिया राज्यात त्या काळी रिपब्लिकन पक्ष नावापुरता होता. डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, जिंकणारा गव्हर्नर झाल्यातच जमा. 17 जुलै 1946 ची प्रायमरी यूजीन टॅल्मेज यांनी जिंकली. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत त्यांच्यासमोर छापील नावाचा प्रतिस्पर्धीच नव्हता. पण त्यांची तब्येत खालावलेली होती, हे जवळच्या मंडळींना ठाऊक होतं. अमेरिकेत मतपत्रिकेवर छापलेलं नाव सोडून दुसरं नाव स्वतःच्या हातानं लिहायची मुभा असते. त्या मंडळींनी काही मतदारांकरवी यूजीन यांचा मुलगा हर्मन याचं नाव लिहून घेतलं. 21 डिसेंबरला यूजीन वारले.

राज्यघटनेत एक कलम होतं: कुणालाच बहुमत मिळालं नाही, तर सर्वांत जास्त मतांच्या, हयात असलेल्या दोघांमधून विधिमंडळानं गव्हर्नर निवडावा. टॅल्मेज गटानं या कलमाचा आधार घेतला. दुसऱ्या बाजूला 1945 च्या नव्या घटनेनं लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, हे पद पहिल्यांदाच निर्माण केलं होतं आणि त्यावर एम. ई. थॉम्पसन निवडून आले होते. गव्हर्नर वारल्यास त्यांनी कारभार घ्यावा, असं घटना सांगत होती. मात्र निवडून आलेला माणूस पदावर बसण्याआधीच वारला तर काय, याबद्दल ती गप्प होती. नवल याचं वाटतं की राष्ट्राध्यक्षपदाच्या बाबतीत हीच फट अमेरिकेच्या राज्यघटनेच्या विसाव्या दुरुस्तीनं 1933 मध्येच बुजवली होती. जॉर्जियाची घटना त्यानंतर बारा वर्षांनी लिहिली गेली, तरी फट राहिलीच.

15 जानेवारी 1947 ला पहाटे विधिमंडळानं 161 विरुद्ध 87 मतांनी हर्मनला निवडलं. मावळते गव्हर्नर एलिस अर्नॉल म्हणाले, ही निवड बेकायदा आहे, रीतसर उत्तराधिकारी येईपर्यंत मी उठणार नाही. हर्मनच्या माणसांनी कार्यालयाची कुलपं बदलली. अर्नॉल यांनी मग कॅपिटॉलच्या घुमटाखालच्या चौकशी खिडकीत बसून कारभार चालवायचा प्रयत्न केला. थॉम्पसन यांनी लेफ्टनंट गव्हर्नरची शपथ घेतल्यावर अर्नॉल यांनी त्यांच्या बाजूनं राजीनामा दिला. असे हे तिघे. सरकारी कागदांवर उमटवायचा राज्याचा शिक्का सेक्रेटरी ऑफ स्टेट बेन फोर्ट्सन यांच्या ताब्यात असायचा. ते चाकाच्या खुर्चीत बसत. त्यांनी शिक्का खुर्चीच्या उशीखाली दडवला आणि कुणालाच दिला नाही.

19 मार्चला जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 2 असा निकाल दिला. यूजीन यांना बहुमत मिळालंच होतं, मग 'कुणालाच बहुमत नाही' हे कलम लागू होतंच कुठे? विधिमंडळाला निवडीचा अधिकारच नव्हता. अर्नॉल यांची मुदत उत्तराधिकारी येईपर्यंत चालू होती आणि त्यांच्या राजीनाम्यानंतर कारभार थॉम्पसन यांच्याकडे गेला, तोही पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंतच. हर्मननं कार्यालय सोडलं. 1948 मध्ये मात्र तो थॉम्पसन यांना हरवून रीतसर निवडून आला.

यातली मतमोजणीची बाजू आम्हांला जास्त गंभीर वाटते. हाती लिहिलेल्या मतांची पहिली बेरीज अशी होती: प्रायमरीत हरलेले जेम्स कारमायकल 669, रिपब्लिकन पक्षाचे टॅल्मेज बॉवर्स 637, हर्मन 617. म्हणजे हर्मन तिसरा, पहिल्या दोघांत नाहीच. मग टॅल्मेज घराण्याच्याच टेलफेअर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) 58 मतं 'सापडली' आणि तो 675 वर गेला. अटलांटा जर्नलचे बातमीदार जॉर्ज गुडविन यांनी तिथली मतदारांची नोंद तपासली. मतदार चक्क अकारविल्हे रांगेत येऊन गेल्यासारखी नावं होती आणि त्यांत मेलेल्यांचीही होती. या बातमीला 1948 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मतदान केंद्रावर बसणाऱ्या पोलिंग एजंटांनी हे ध्यानात ठेवावं. खरे मतदार कधी वर्णानुक्रमानं येत नाहीत. म्हणून कोणत्या क्रमानं कोण आलं, याची नोंद शाबूत असेल तर बोगस मतदान उघडं पडतं.

त्याच निवडणुकीत जास्त मतं मिळालेला उमेदवार हरला, असं वाचलं. ते कसं?
— एक वाचक, देवगड

प्रायमरीत कारमायकल यांना टॅल्मेज यांच्यापेक्षा सुमारे 16 हजार मतं जास्त पडली होती, तरी ते हरले. कारण निकाल मतांवर नव्हे, 'काउंटी युनिट'वर लागायचा. राज्यात 159 काउंटी होत्या. सर्वांत मोठ्या 8 काउंटींना प्रत्येकी 6 युनिट, पुढच्या 30 ना प्रत्येकी 4, उरलेल्या 121 ना प्रत्येकी 2. एकूण 410, बहुमताला 206. काउंटीत एका मतानं पुढे असलात तरी तिथली सगळी युनिटं तुमची. टॅल्मेज यांना 242 मिळाली, कारमायकल यांना 146.

हेच गणित रत्नागिरी जिल्ह्यावर मांडून बघा (आकडे काल्पनिक). रत्नागिरी तालुक्याला 6 युनिट. चिपळूण, संगमेश्वरला 4-4. मंडणगड, दापोली, खेड, गुहागर, लांजा, राजापूरला 2-2. बेरीज 26, बहुमत 14. 'अ' रत्नागिरीत 20,000 आणि चिपळुणात 8,000 मतांनी पुढे, त्याला युनिटं 10. 'ब' संगमेश्वर आणि सहा लहान तालुक्यांत प्रत्येकी फक्त 500 मतांनी पुढे, त्याला 16. जिल्ह्यात 'अ' एकूण 24,500 मतांनी पुढे, आणि निवडून आला 'ब'.

यात शहरांचं मत हलकं व्हायचं, आणि शहरांतच नव्यानं मतदान करू लागलेले कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येनं होते. गोऱ्यांपुरती प्रायमरी न्यायालयांनी नुकतीच मोडीत काढली होती. ती मागच्या दारानं परत आणायला ही पद्धत सोयीची पडली. 'ग्रे विरुद्ध सँडर्स' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1963 मध्ये ती घटनाबाह्य ठरवली.

आपल्याकडे विजयी उमेदवार शपथेआधी वारला तर दुसऱ्या क्रमांकाचा येतो का? आमच्या वाडीत यावर पैज लागली आहे.
— एक वाचक, मालवण

नाही येत. जागा रिकामी धरली जाते आणि पोटनिवडणूक होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 151अ नुसार ती साधारणपणे सहा महिन्यांत घ्यावी लागते. मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर सूट आहे.

मतदानाआधी मृत्यू झाला तर कलम 52 बघा. उमेदवार मान्यताप्राप्त पक्षाचा असेल तर मतदान पुढे ढकललं जातं आणि पक्षाला दुसरा उमेदवार द्यायला सात दिवस मिळतात. अपक्ष वारला तर मतदान ठरल्या दिवशीच होतं. मतदान आणि मोजणी यांच्या मधल्या काळात मृत्यू झाला, तर मतमोजणी होतेच. 2024 मध्ये मुरादाबादला भाजपचे उमेदवार मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी वारले. मोजणी ठरल्याप्रमाणे झाली. ते हरल्यामुळे पोटनिवडणुकीची वेळ आली नाही, जिंकले असते तर आली असती.

मग आपला राज्यपाल आपण का निवडत नाही?
— एक वाचक, मंडणगड

आपल्या राज्यघटनेच्या 1948 च्या मसुद्यात दोन पर्याय होते: थेट मतदानानं निवड, किंवा विधिमंडळानं चार नावं काढून राष्ट्रपतींनी त्यांतून एक नेमणं. मे 1949 च्या अखेरीस संविधान सभेनं दोन्ही सोडून राष्ट्रपतींनी थेट नेमणूक करावी असं ठरवलं. तेच आजचं कलम 155. मुख्यमंत्रीही लोकांचा आणि राज्यपालही लोकांचा झाला तर दोघांची टक्कर होईल, ही मुख्य भीती होती. डॉ. आंबेडकरांचा मुद्दा आणखी रोकडा होता. आंबडवे हे त्यांचं मूळ गाव तुमच्याच तालुक्यातलं. ते म्हणाले, राज्यपालाला स्वतःच्या मर्जीनं करण्यासारखं फारसं काही ठेवलेलंच नाही, मग राज्यभर निवडणूक घेऊन पैसा आणि वेळ कशाला खर्चायचा? आमच्या मते त्या वेळी हा निर्णय बरोबर होता, पण नेमणुकीआधी राज्य सरकारचा सल्ला घ्यायचं बंधन घटनेत लिहायला हवं होतं.