झाडू जरा बाजूला ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

थंडीआधी परसबाग लख्ख करायचा बेत कळवलास. तो तेवढा सोडून दे. तू ज्याला कचरा म्हणतोस, त्यातच कितीतरी जिवांची हिवाळ्याची सोय असते.

आधी पाचोळा. एखादं वाळकं पान उचलून बघ. कडा आत वळवून रेशमी धाग्यांनी टाचलेल्या दिसल्या, तर आत सुरवंट किंवा कोष असू शकतो. अशी पानं जाळली किंवा यंत्रात बारीक केली की पुढच्या वर्षीची फुलपाखरं आणि पतंग तिथेच संपले. हिरवळीवरचा पाचोळा मात्र उचल, नाहीतर खालचं गवत पिवळं पडून कुजतं. तो झुडपांखाली चार बोटं जाडीचा पसर. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेव. पाचोळा खोडाला टेकला की साल ओली राहते आणि त्या आडोशाने उंदीर ती कुरतडतात.

वाळलेली फुलझाडं उपटू नकोस. बिया पाखरं टिपतील. थंडी सरल्यावर काड्या जमिनीपासून 20 ते 45 सेंमी ठेवून काप. त्या पोकळ खुंटांत एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या घर करतात. कापलेले शेंडेही कोपऱ्यात पडू देत, त्यांत आधीच कुणी असेल.

बेडूक-सरड्यांसाठी लाकडं रच. खाली मनगटाएवढे ओंडके आडवे-उभे, वर बारीक फांद्या. नीटनेटकं, घट्ट रचलंस तर शिरायला फटच उरत नाही, नवशिके हटकून इथेच चुकतात. एकदा रचलेला ढीग मग थंडी संपेपर्यंत हलवायचा नाही. मध्येच जागा झालेला जीव साठवलेली चरबी खर्चून बसतो आणि तेव्हा भरून काढायला बाहेर खाणं नसतं.

पाखरांना दाणे घालणार असशील, तर एक-दोन दिवसांत संपतील एवढेच घाल. ओलसर दाण्याला बुरशी येते आणि तिने पाखरांची फुफ्फुसं बिघडतात. दर पंधरवड्याला भांडं घासून 1 भाग ब्लीच आणि 9 भाग पाण्यात दहा मिनिटं बुडव, खळखळून धू, पूर्ण वाळल्यावरच भर. पिसं फुगवून सुस्त बसलेलं पाखरू दिसलं, तर दोन आठवडे दाणे बंद. पाण्याचं ताट उथळ हवं, 3 ते 5 सेंमी, मध्ये एक खडबडीत दगड.

रात्रभर जळणारा बाहेरचा दिवाही मालव. ऋतू बदलल्याचा इशारा बऱ्याच जिवांना गारव्याआधी लहान होत जाणाऱ्या दिवसातून मिळतो, आणि उजेडाने तो हिशोब चुकतो.

खार कुंड्या उकरते म्हणून चिडू नकोस. काही जातींच्या खारी एकेक बी वेगळ्या खड्ड्यात पुरतात, म्हणजे एखाद्या चोराला सगळा साठा एकदम सापडत नाही. कुंडीच्या मातीवर तारेची जाळी कापून बसव, ती दुसरी जागा शोधेल.