लेख आहेत, शब्द बदलून पाहा

प्रश्न : मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या स्त्री कामगार' हा माझ्या प्रबंधिकेचा विषय. कॉलेजच्या ग्रंथालयात जेस्टोर (संशोधन-नियतकालिकांचा ऑनलाइन संग्रह) उघडतं. तिथे 'मुंबई विमेन मिल वर्कर्स' असं टाकलं की गिरण्यांच्या जमिनी आणि मॉल यांवरचे अलीकडचे लेखच पुढे येतात. १९८२च्या संपाआधीच्या काळावर कोणी लिहिलंच नाही का?
– विद्यार्थिनी, लालबाग

उत्तर : लिहिलंय, आणि चांगलं लिहिलंय. अडचण 'मुंबई' या शब्दाची आहे. इंग्रजीतलं 'बॉम्बे' अधिकृतपणे बदललं १९९५ साली. त्याआधीच्या लेखांत 'बॉम्बे'च सापडणार, आणि जुन्या काळावर लिहिणारे बरेच अभ्यासक आजही तेच नाव वापरतात. डेटाबेस अक्षरं जुळवतो, त्याला शहर कळत नाही.

म्हणून संगणकापाशी बसण्याआधी कागदावर तीन रकाने आखा : जागा, धंदा, माणसं. जागेखाली बॉम्बे, मुंबई, गिरणगाव (रोमन लिपीत त्याची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी होतात, सगळी लिहा). धंद्याखाली कॉटन मिल, टेक्स्टाइल. माणसांखाली विमेन, वुमन, फीमेल, जेंडर. एका रकान्यातले शब्द 'ऑर'ने जोडून कंसात घाला आणि तिन्ही कंस 'अँड'ने जोडा. हे जोडणारे शब्द इंग्रजी कॅपिटलमध्येच टाइप करा. 'कॉटन मिल'सारखी जोडी अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर कॉटन एका पानावर आणि मिल दुसऱ्यावर असलेले लेखही येतील.

शब्दाच्या शेवटी ताऱ्याची खूण (*) दिली की त्याची पुढची रूपंही शोधली जातात. ती जपून वापरा. 'मिल'च्या इंग्रजी स्पेलिंगला ही खूण लावलीत तर 'मिल्स'बरोबर मिलियन, मिलेट आणि मिलेनियमही गोळा होतात. आणि गूगल स्कॉलरमध्ये (गूगलची संशोधन-लेख शोधण्याची सोय) ही खूण चालतच नाही, तिथे प्रत्येक रूप वेगळं टाकावं लागतं. यादी फार लांबली तर शोध शीर्षकापुरता करा. सारांशापुरता मात्र करू नका. जुन्या लेखांपैकी बहुतेकांना सारांश नसतोच, त्यामुळे नेमके तुम्हाला हवे तेच गळतात.

दुसरी गोष्ट, जेस्टोर म्हणजे सगळी नियतकालिकं नव्हेत. राधा कुमार यांचा मुंबईच्या कापड उद्योगातल्या स्त्रियांवरचा, १९१९ ते १९३९ या काळाचा लेख १९८३ साली 'इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू'मध्ये आला. हे नियतकालिक सेज या प्रकाशनाकडे आहे, लेख तिथेच मिळेल. उलट 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक जेस्टोरवर आहेत. नव्या अंकांसाठी वीकलीच्या स्वतःच्या साइटवर जावं लागतं, कारण जेस्टोर बऱ्याच नियतकालिकांचे ताजे अंक काही वर्षं मागे ठेवतं.

असा एक पक्का लेख हाती लागला की निम्मं काम झालं. त्याच्या तळटीपा वाचा, त्या तुम्हाला मागे नेतील. मग गूगल स्कॉलरवर त्याचं शीर्षक टाकून खालचं 'साइटेड बाय' दाबा : त्या लेखाचा आधार नंतर कोणी कोणी घेतला, ती यादी उघडते. शब्दांच्या खटपटीतून जे निसटतं ते इथे बहुधा सापडतं.

प्रश्न : लेखाचं नाव सापडतं, पण उघडायला गेलं की डॉलरमध्ये पैसे मागतात. काय करावं?
– वाचक, मुलुंड

उत्तर : पैसे भरू नका. आधी आपल्या ग्रंथालयाच्या पानावरून आत शिरा. थेट प्रकाशकाच्या साइटवर गेलं तर तुम्ही सभासद संस्थेतले आहात हे तिला कळत नाही. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत १ जानेवारी २०२५पासून सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. आपली संस्था त्यात आहे का आणि घरून पाहायला लॉगिन कसं घ्यायचं, हे ग्रंथपालांनाच विचारा. अनुदानित महाविद्यालयात असाल तर एन-लिस्ट या महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेचंही विचारा. संस्थेचा आधार नसेल तर जेस्टोरवर स्वतःचं मोफत खातं काढून महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, फक्त उतरवून घेता येत नाहीत. तेही जमलं नाही तर स्कॉलरमध्ये 'ऑल व्हर्जन्स' पाहा, लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या साइटवर प्रत ठेवलेली असू शकते. किंवा सरळ लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. बहुतेकजण आनंदाने पाठवतात.

प्रश्न : मराठी नियतकालिकांतले लेख कुठे शोधायचे?
– वाचक, ठाणे

उत्तर : जेस्टोरसारख्या डेटाबेसमध्ये मराठी जवळजवळ नाही. 'नवभारत' किंवा 'समाज प्रबोधन पत्रिका' यांसाठी बांधीव खंडच हाताळावे लागतात. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९८) संदर्भासाठी बसा. खंड मागवला की आधी त्यात वार्षिक लेखसूची बांधली आहे का ते पाहा. नसेल तर प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका चाळा, दुसरा मार्ग नाही. टिपून घेताना 'वर्ष १२, अंक ३' एवढ्यावर थांबू नका. ते नियतकालिकाचं वय आहे, सन नव्हे. महिना, सन आणि पृष्ठ क्रमांक तिथल्या तिथे लिहा, नाहीतर संदर्भसूची करताना पुन्हा दादरला खेप पडेल.