फियाट आणि अँबीसाठी घरात लिफ्ट: ५ लाख घालावेत का?

नमस्कार दादा,

पत्र मिळालं, फोटोही बघितले, फियाटचा तो जुना क्रीम रंग अजून शाबूत आहे हे बघून बरं वाटलं. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. वय ५४, नाशिकला स्वतःचा बंगला, नोकरीची ४ वर्षं उरलीत, मुलगी पुढच्या वर्षी एमटेकला जाणार. गाड्या दोन, १९७५ची प्रीमियर पद्मिनी (हीच ती फियाट) आणि वडिलांची १९८६ची ॲम्बेसेडर (म्हणजे अँबी). गॅरेज एकाच गाडीचं, त्यामुळे अँबी बाहेर कव्हर घालून पावसात उभी असते. एका विक्रेत्याने गाडी उचलणारी चार खांबी लिफ्ट सुचवलीय, एक गाडी वर एक खाली, शिवाय खाली उभं राहून कामही करता येईल म्हणे, किंमत ३,६०,०००. त्यासाठी ४ लाखांचं पर्सनल लोन काढायचं, कमी पडेल ते ९ लाखांच्या एफडीतून मोडायचं, आणि हप्ता भागवायला लग्नसराईत फियाट भाड्याने द्यायची आणि एका मित्राची जुनी गाडी महिन्याचं भाडं घेऊन सांभाळायची. तर घेऊ का, असा तुमचा प्रश्न.

नको. निदान ही लिफ्ट, या गॅरेजमध्ये, या पैशाने तरी नको. आणि गंमत म्हणजे पहिलं कारण पैशाचं नाहीच, उंचीचं आहे.

तुम्ही लिहिलंय की बीमच्या खाली १० फूट २ इंच मिळतात, म्हणजे ३.१० मीटर. पद्मिनीची उंची साधारण १.४७ मीटर, अँबीची १.६०. दोन्हींची बेरीज ३.०७. कुठली वर आणि कुठली खाली याने बेरजेत काही फरक पडत नाही. उरले ३ सेंटीमीटर, आणि त्यात लिफ्टचा प्लॅटफॉर्म बसवायचाय, जो स्वतःच १०-१५ सेंटीमीटर जाड असतो, शिवाय खालच्या गाडीच्या टपाला आणि वरच्या गाडीला थोडी मोकळी हवा नको का? म्हणजे ११ फुटांच्या आत हे होतच नाही. वरती तुमची बेडरूम आहे, स्लॅब काही उचलता येत नाही. विक्रेत्याने घरी येऊन टेप लावली होती का हो? मला तर वाटतं त्याने फक्त गॅरेजची लांबी-रुंदी विचारली असेल.

बरं, गाड्या एकावर एक नकोत, नुसतं खाली उभं राहून काम करायचं म्हटलं तरी तुमची उंची, प्लॅटफॉर्म आणि वर फियाट मिळून ३.३० च्या आसपास जातंय. म्हणजे ५ लाख घालूनसुद्धा तुम्ही स्टुलावर बसूनच नट ढिले करणार.

५ लाख म्हटलं कारण ३,६०,००० हा आकडा खरा नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६४,८००, झाले ४,२४,८००, आणि तुमचा धंदा नसल्यामुळे त्याचं क्रेडिट वगैरे काही मिळत नाही, तो गेला तो गेला. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात रोलिंग जॅक "ऐच्छिक" लिहिलाय ४०,००० ला. दादा, तो ऐच्छिक नाहीये. चार खांबी लिफ्टवर गाडी चाकांवर उभी असते, त्यामुळे चाक काढायचं, ब्रेकचा ड्रम उघडायचा तर मधून उचलायला तो जॅक लागतोच, आणि तुमच्या निम्म्या कामांची यादी ब्रेकचीच आहे. तो जीएसटीसकट ४७,२००. मग ट्रान्सपोर्ट, बसवणं, वायरिंग, खालचा कोबा, तुमच्याच अंदाजाने ६५,०००. एकूण ५,३७,०००. अजून तेल पडायचे ट्रे धरले नाहीत, आणि अँबीला वर ठेवून खाली फियाट लावायची तर ते ट्रे आधी घ्या, अँबीच्या इंजिनाखाली तेल दिसलं नाही तर लोक आत तेल आहे का बघतात.

आता कर्जाचा भाग. ४ लाख, १३ टक्के, ५ वर्षं, म्हणजे हप्ता साधारण ९,१०० आणि एकूण परतफेड ५.४६ लाख, व्याजच १.४६ लाख. तुमची नोकरी ४ वर्षं आणि कर्ज ५ वर्षांचं, म्हणजे शेवटचं वर्षभर हप्ता रिटायरमेंटच्या पैशातून जाणार, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? मला हे असलं गणित आवडत नाही, वस्तू कितीही चांगली असू दे.

आणि ज्या कमाईवर हप्ता भागणार ती कमाई मला कागदावरही दिसत नाही. खाजगी नोंदणीची गाडी लग्नाला भाड्याने देता येत नाही, त्याला परमिट लागतं, लोक देतात हे मला माहितीय, पण मिरवणुकीत कोणाला धक्का लागला आणि विमा कंपनीने विचारलं की गाडी भाड्याने होती का, तर काय उत्तर देणार? त्यातून फियाट आता पन्नाशी ओलांडलेली, तुम्ही तिची व्हिंटेज नोंदणी करायचं म्हणताय. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नंबरांची व्हीए सिरीज आणली, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, चांगली सोय आहे, पण त्या नंबरवर गाडी रोज वापरता येत नाही आणि धंद्याला तर नाहीच, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे व्हीए हवी असेल तर घोडा-वरातीचा विचार सोडा. मित्राच्या गाडीचं म्हणाल तर मुळात ती ठेवणार कुठे हेच मला कळलं नाही, दोन्ही मजले तर तुमच्याच गाड्यांनी भरले! आणि पैसे घेऊन दुसऱ्याची वस्तू सांभाळली की तिची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर येते, शिवाय घरगुती मीटरवर धंदा चालवला असं महावितरणने ठरवलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने बिल लावू शकतात. हजार-दोन हजारांसाठी मैत्रीही जाईल.

लिफ्टला वीज किती लागेल असं वहिनींनी विचारलंय, त्यांना सांगा अजिबात काळजी करू नका, ३ एचपीची मोटर मिनिटभर चालली तर ०.०५ युनिटसुद्धा होत नाही. फक्त बऱ्याच लिफ्टला थ्री फेज लागतो, सिंगल फेजची मिळते का ते विचारायचं.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. तुम्ही लिहिलंय की महिन्यातून दोन रविवार तुमच्या मिस्त्रीच्या रॅम्पवर गाडी नेता, तो ५०० रुपये घेतो, दिवसभर रॅम्प तुमचा, वर चहा तोच पाजतो. वर्षाचे झाले १२,०००. आणि ५,३७,००० रुपये ७ टक्क्यांच्या एफडीत नुसते पडून राहिले तरी वर्षाला ३७,५०० च्या वर व्याज येतं (टॅक्सच्या आधी). म्हणजे मुद्दलाला हात न लावता नुसत्या व्याजात रॅम्पचं भाडं तीनदा निघतं. मी हे गणित दोनदा तपासलं कारण मलाही वाटलं काहीतरी चुकलंय.

पण छंदाचा हिशोब असा व्याजाने करायचा नसतो हे मला कबूल आहे. घरच्या गॅरेजमध्ये, रेडिओ लावून, आपल्याच हाताने किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) ग्रीस मारायचं, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप दाबत राहायचा, त्याची किंमत मी कोण ठरवणार. म्हणून मी लिफ्ट कायमची नको असं म्हणतच नाहीये. फक्त लिफ्टकडून तुम्हाला दोन वेगळी कामं करून हवीत, अँबीला छप्पर आणि स्वतःला खाली काम करायला जागा, आणि एकाच यंत्रात दोन्ही बसवायच्या नादात चुकीचं यंत्र निवडलं गेलंय.

कोणी तुम्हाला दोन खांबी घ्या म्हणेल, ती स्वस्त पडते, चाकं मोकळी लोंबतात त्यामुळे ब्रेक-सस्पेन्शनला उत्तम, गॅरेजवाल्यांची लाडकी. पण तिचं सगळं वजन दोन खांबांच्या बोल्टवर, त्याखाली चांगलं सळईचं काँक्रीट लागतं, कंपन्या ४ ते ६ इंच तरी मागतात. तुमच्या फोटोत शहाबादी फरशी दिसतेय, खाली बहुतेक मुरूम असणार, तिथे बोल्ट मारणं म्हणजे श्रीखंडात खिळा ठोकणं. दुसरं म्हणजे ती गाडीला बॉडीखालून चार हातांवर उचलते आणि फियाट काय अँबी काय, दोन्हींना वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, बॉडी हीच चासी. माझ्या चुलतभावाची फियाट एका गॅरेजमध्ये अशीच दोन खांबीवर चढवली होती, मी बाजूला कटिंग घेऊन उभा होतो. गाडी छातीपर्यंत वर गेली आणि कुरकुर असा पापड मोडल्यासारखा आवाज आला, दाराखालची पट्टी रबराच्या पॅडवर आत दबली, वरून छान रंग होता आणि आत नुसता गंज आणि पुट्टी. खाली उतरवली तर ड्रायव्हरचं दार लागेना. पुढचे तीन आठवडे गाडी डेंटरकडे. गॅरेजवाल्याची चूक म्हणावी तर त्याने पॅड बरोबर जागी लावलं होतं, आम्हीच पत्रा तपासला नव्हता.

तेव्हा या रविवारी एक करा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन्ही गाड्यांच्या दारांखालच्या पट्ट्या आणि जॅक लावायच्या जागा ठोकत जा. टण्ण वाजलं तर पत्रा, थप्प वाजलं तर पुट्टी. चार पावसाळे बाहेर काढलेल्या अँबीचं मला फारसं बरं वाटत नाही. थप्प निघालं तर लिफ्टचा विषय तिथेच थांबवा आणि आधी त्या पत्र्यावर पैसे घाला, कारण कुठल्याही लिफ्टला, साध्या जॅकलासुद्धा, धरायला काहीतरी घट्ट लागतं.

तुमच्या उंचीत बसेल अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कमी उंचीची, कात्रीसारखी उघडणारी सिझर लिफ्ट, गाडी साधारण मीटरभर उचलते, चाकं मोकळी राहतात, चाकाच्या स्टुलावर बसून ब्रेक, सायलेन्सरची टोकं, लीफ स्प्रिंगचे बुश सगळं आरामात होतं. तिचा दोष असा की यंत्र स्वतः गाडीच्या मधोमध बसतं, आणि तुमच्या दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, म्हणजे गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, नेमके तिथेच. ते काम वर्षा-दोन वर्षांतून एकदा निघतं, तेव्हा मिस्त्रीचा रॅम्प आहेच. तीसुद्धा बॉडीखालूनच उचलते, म्हणून वरची ठोकाठोक आधी. मित्र खड्डा खणायला सांगतील, जुन्या गॅरेजसारखा. स्वस्त आहे खरा, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात उतरून बसते, आणि फियाटच्या कार्बोरेटरचं काम करताना तुम्ही शेजारी दिवा लावून बसणार. घराच्या खाली, बेडरूमच्या खाली, मी तरी नाही सांगणार.

पैशाचं असं करा. आज १५-२० हजारांत एक चांगला ३ टनी ट्रॉली जॅक आणि गाडी टेकवायच्या जाड लोखंडी घोड्यांच्या दोन जोड्या घ्या, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरू नका, घोड्या लावूनच. मग जो ९,१०० चा हप्ता बँकेला द्यायला तयार होता तो स्वतःलाच द्या, बँकेच्या रिकरिंग डिपॉझिटमध्ये. अडीच वर्षांत २.७३ लाख मुद्दल आणि वर व्याज. मधे मुलीच्या फीचा एखादा हप्ता अंगावर आला तर रिकरिंग थांबवता येतं, बँकेचं लोन थांबत नाही. आणि सहाच महिन्यांत हात आखडायला लागला तर तेही बरंच कळलं म्हणायचं, उत्तर फुकटात मिळालं. एफडीला हात लावू नका, ती मुलीची आहे असं तुम्हीच तिसऱ्या ओळीत लिहिलंय.

अडीच वर्षांनी रोख पैसे देऊन सिझर लिफ्ट घ्यायला माझी काही हरकत नाही. घेताना दोनच गोष्टी बघा, वर गेल्यावर वजन तेलाच्या दाबावर न राहता लोखंडी खटक्यांवर बसतं का, आणि युरोपच्या ईएन १४९३ सारख्या मानकाचा कागद दाखवतात का. "सब चलता है साहेब" असं ऐकू आलं की उठायचं.

अँबीच्या छपराला लिफ्ट नाही, पत्र्याची शेड लागते. मागच्या अंगणात जागा दिसतेय, फक्त बाजूच्या मार्जिनमध्ये (मोकळी सोडायच्या जागेत) घुसत नाही ना आणि महापालिकेची परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या, नोटीस आल्यावर पाडण्यापेक्षा बरं. हा खर्च मी रिकरिंगच्याही आधी, पावसाळ्याच्या आत करीन. अँबी विका असं मी म्हणणार नाही, वडिलांची आहे आणि तुम्ही विचारलंही नाहीये.

थोडे पैसे फियाटच्या स्पेअर्सलाही ठेवा. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपली, आणि ज्या टॅक्स्यांमुळे हे पार्ट दुकानदार ठेवायचे ते गिऱ्हाईकच गेलं. ब्रेकचे सिलिंडर, किंगपिन किट, काचेचे रबर, मिळतंय तोवर घेऊन ठेवा, बिलं जपा.

लिफ्ट पुढे विकली तर किती येतील असं शेवटी विचारलंय. फार धरू नका, घेणाऱ्याला काढणं, नेणं, परत बसवणं सगळं आलं, ते तो तुमच्या किमतीतूनच कापणार. फियाट स्वतः विकलीत तर मात्र स्वतःच्या वापरातली गाडी असल्यामुळे कॅपिटल गेनचा टॅक्स लागत नाही, तोटा झाला तर तो दाखवताही येत नाही. भाड्याचा धंदा सुरू केलात की हे गणित बदलतं, ते वेगळंच.

शेडसाठी जागा मोजाल तेव्हा अँबीची दारं पूर्ण उघडून मोजा, नुसती गाडीची रुंदी नको. आणि गॅरेजचे १० फूट २ इंच फरशीपासून बीमपर्यंतच आहेत ना, की शटरच्या पेटीपर्यंत, तेही एकदा टेप लावून कळवा.