390 रुपयांची डिस्क तुटली, मनगट मोडलं, आता दावा लावता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका वाचकाच्या एमटीबी सायकलच्या (डोंगराळ रस्त्यांसाठीच्या) दोन्ही ब्रेक-डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या स्टीलच्या चकत्या, झिजल्या होत्या, म्हणून त्यांनी ऑनलाइन 390 रुपयाला एक अशा बिनब्रँडच्या 160 मिमीच्या दोन डिस्क मागवल्या, ऑर्डर भावाच्या अकाउंटवरून. बसवल्या घराजवळच्या मेकॅनिकने, त्याचं बिल नाही, पैसे यूपीआयने दिले. दोनेक महिन्यांनी सिंहगडाचा घाट उतरताना पुढच्या डिस्कचा एक दांडा तुटून कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या भागात, अडकला, चाक जाम झालं, वाचक हँडलवरून पुढे फेकले गेले, मनगटाचं ऑपरेशन करावं लागलं. साइट म्हणते सात दिवसांची रिटर्न मुदत संपली आणि आम्ही तर फक्त मधले. विक्रेता म्हणतो मेकॅनिकने नीट बसवली नाही, तुम्ही मेटल पॅड (डिस्कवर घासणारे धातूमिश्रित ब्रेक पॅड) वापरलेत, तरी तुटलेला पीस परत पाठवा, बघून नवीन देतो. वाचक विचारतात, एवढ्याशा रकमेवर केस होते का, आणि आता स्वस्तातली कुठली डिस्क घ्यायची?

सगळ्यात आधी हे ऐका, ती तुटलेली डिस्क कुणालाही देऊ नका. विक्रेत्याला नाही, साइटच्या पिकअपवाल्याला नाही, मेकॅनिकला "जरा बघतो" म्हणून पण नाही. 390 रुपयांची नवी डिस्क मिळेल आणि तुमच्या हातातला एकमेव खरा पुरावा जाईल, मग ग्राहक आयोगापुढे ती सदोष होती हे कशावरून दाखवणार? घासू नका, धुवू नका, तुटलेल्या कडा एकमेकांना जुळवून बघू नका, कारण ती वस्तू आधीपासून कमकुवत होऊन हळूहळू चिरत गेली की एका फटक्यात तुटली हे त्या तुटलेल्या कडेवरच दिसतं. कागदात गुंडाळा, पाकिटावर तारीख टाका, दोन लोकांच्या सह्या घ्या. खाजगी लॅबमध्ये नेऊन कापून पण घेऊ नका, ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38 प्रमाणे आयोग स्वतःच नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, फी आधी तुम्हाला भरावी लागते पण त्या रिपोर्टला जे वजन असतं ते तुम्ही परस्पर आणलेल्या रिपोर्टला नसतं.

आता मूळ प्रश्न. हो, केस होते, आणि वस्तू 390 ची असो की 39 हजारांची, त्या वस्तूमुळे तुम्हाला जी इजा झाली त्याची भरपाई वस्तूच्या किमतीवर अडत नाही, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं आणि म्हणून ते घरी बसतात. 2019 च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरणच आहे, कलम 82 ते 87. त्यात उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा तिघांची जबाबदारी सांगितलीय. उलट कमी किमतीचा एक फायदाच आहे, कोर्ट फी ही मोबदला किती दिला त्यावर ठरते आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्याच ग्राहक आयोगात तक्रार टाकता येते, विक्रेता दिल्लीचा असो नाहीतर सुरतचा, त्याच्या दारी जायची गरज नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन पण भरता येते. बिल भावाच्या नावावर आहे म्हणून घाबरला होतात ना, तो मुद्दाच नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा पण कायद्याने ग्राहकच असतो, फक्त भावाचं एक साधं शपथपत्र जोडा.

विक्रेता म्हणेल मी बनवली नाही, मी फक्त विकली. इथे कलम 86 तुमच्या कामाचं आहे. ज्या वस्तूचा उत्पादक कोण हेच कळत नाही, किंवा कळला तरी त्याच्यावर नोटीस बजावता येत नाही, तिथे विक्रेत्यालाच जबाबदार धरता येतं. तुमच्या डिस्कवर ना नाव, ना आयातदाराचा पत्ता, पाकिटावर नुसता एक बारकोड. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कुठल्या देशातून आला हे छापणं वैधमापनाच्या 2011 च्या नियमांनी बंधनकारक आहे, तेव्हा ते पाकीट कचऱ्यात गेलं नसेल तर सोन्यासारखं जपा, नसलं तर डिलिव्हरीचे फोटो शोधा.

साइटचं "आम्ही मधले" हे उत्तर नेहमीचं आहे, ते मध्यस्थांना संरक्षण देणाऱ्या आयटी कायद्याच्या कलम 79 चा आसरा घेतील, आणि खरं सांगायचं तर मार्केटप्लेसवर, म्हणजे दुसऱ्यांचा माल विकायला जागा देणाऱ्या अशा साइटवर, दरवेळी पैसे निघतातच असं नाही. पण त्यांना पक्षकार करा. कारण ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तुम्ही लेखी मागितलं की विक्रेत्याचा पूर्ण पत्ता, ईमेल वगैरे द्यायला ते बांधील आहेत. तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. आजच मेल टाका, फोन नको, मेल. सात दिवसांची रिटर्न मुदत हा त्यांचा घरचा नियम झाला, सदोष किंवा जाहिरातीत सांगितलं त्यापेक्षा वेगळा निघालेला माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार द्यायचा नाही असं तेच 2020 चे नियम सांगतात, आणि तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा जरूर, बऱ्याचदा तिथेच तोडगा निघतो, पण त्याने दोन वर्षांचं घड्याळ थांबत नाही हे लक्षात असू द्या.

आता तुमच्या बाजूचं कच्चं काय आहे ते बोलू, कारण विक्रेत्याचा वकील तिथेच घुसणार. कलम 87 म्हणतं की वस्तूचा गैरवापर केला असेल किंवा तिच्यात फेरफार केला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. स्वस्त डिस्क बऱ्याचदा मऊ स्टीलच्या असतात, त्यांच्यावर फक्त रेझिन पॅडच (धातूऐवजी रेझिनचे, मऊ) चालतात, नावाजलेल्या कंपन्यांच्या खालच्या रेंजच्या डिस्कवर तसं कोरलेलंच असतं, आणि मेटल पॅड लावले की त्या भराभर झिजतात. म्हणून विक्रेता पॅडवर बोट ठेवतोय. पण तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये त्यानेच "सर्व प्रकारच्या पॅडसाठी" असं लिहिलंय! हा स्क्रीनशॉट म्हणजे तुमची अर्धी केस आहे, तो लिंक आणि तारखेसकट सेव्ह करा, कारण असली पानं नोटीस गेल्यावर बदलतात, आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. दुसरं, तुम्ही व्हर्नियरने मोजलेली जाडी 1.7 मिमी आहे म्हणता. नवी डिस्क साधारण 1.8 ची असते आणि शिमानोसारख्या कंपन्या 1.5 ला बदलायला सांगतात, म्हणजे "झिजलेली डिस्क वापरत राहिलात" हा बचाव तिथेच लंगडा पडतो. तरी चार-पाच ठिकाणी मोजा, आणि मोजताना आकडा दिसेल असा व्हिडिओ काढा. तिसरं, 160 च्या जागी 160 च घातलीत हे फार बरं झालं, अडॅप्टर टाकून मोठी, 203 मिमीची घातली असतीत तर फेरफाराचा मुद्दा आयताच मिळाला असता त्यांना.

राहिला मेकॅनिक. अपघातानंतरच्या फोटोत सहाच्या सहा बोल्ट हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) जागच्या जागी दिसताहेत आणि तुटलाय तो मधला दांडा, म्हणजे बोल्ट ढिले राहून डिस्क निसटली असं नाही. कागदावर त्यालाही सेवा देणारा म्हणून पक्षकार करता येतं पण माझं स्पष्ट मत आहे की आत्ता करू नका. फुटपाथवर टपरी टाकून बसलेल्या माणसाकडून तुम्हाला काय मिळणार, आणि तो दुखावला तर उलट बोलेल. त्याच्याकडून शपथपत्र घ्या, कुठली डिस्क, कधी बसवली, बोल्ट कसे आवळले, डिस्कवरची बाणाची दिशा बघितली का, यूपीआयची नोंद त्याला जोडा. त्याने नाहीच दिलं तर मग विचार करू.

मागायचं काय? डिस्कचे पैसे, हॉस्पिटलचं बिल, फिजिओ, वेदना आणि मानसिक त्रास, खर्च. बुडालेला पगार पण मागा, त्यावर वाद होईल कारण उत्पादन दायित्वातल्या हानीच्या व्याख्येतून आर्थिक नुकसान वगळलंय, म्हणून तो कलम 39 खाली निष्काळजीपणाची भरपाई म्हणून वेगळा लिहायचा, सोबत ऑफिसचं रजेचं पत्र. आकडा मात्र बिलांना धरून ठेवा, 25 लाख वगैरे लिहिलं की पहिल्याच तारखेला तुमच्याकडे बघायची नजर बदलते. आधी पंधरा दिवसांची नोटीस, रजिस्टर्ड पोस्टाने आणि मेलने दोन्हीकडून, कायद्याने ती सक्तीची नाही पण उत्तरात विक्रेता काहीतरी लिहून देतो आणि तेच पुढे कामी येतं.

आणि नवीन डिस्क. कमी पैशात घ्यायला हरकत काहीच नाही, नावाच्या कंपनीची साधी स्टॅम्प केलेली स्टीलची घ्या, सहा बोल्टची की सेंटरलॉक (मधे एकाच रिंगने आवळायची) ते हब बघून, किमान जाडी कोरलेली आहे ना ते हातात घेऊन बघा, आयातदाराच्या स्टिकरसकट डबा आणि जीएसटीचं बिल मागा, दुकानदार कुरकुरला तरी. त्यावर रेझिन ओन्ली लिहिलं असेल तर पॅड पण रेझिनचेच, जुने मेटलचे काढून टाका. मागची डिस्क त्याच लॉटची आहे ना, ती आजच उतरवून ठेवा, तिच्यावर एक किलोमीटर पण चालवू नका, आणि तिचंही वेगळं पाकीट करा, कारण प्रयोगशाळेला न तुटलेला नमुना मिळाला तर स्टीलच हलकं होतं की नाही हे जास्त नीट कळतं.