उभी राहिलेली गाडी : वाचकांचे प्रश्न

दसरा झाला की माझ्याकडे पत्रांचा ढीग येतो. पावसाळाभर ताडपत्रीखाली असलेल्या गाड्या पूजेसाठी बाहेर काढतात, धुतात, हार घालतात, आणि मग कळतं की चालूच होत नाहीये. या वेळचे बहुतेक प्रश्न तसेच आहेत. बिघाड चालवून झालेला नाही, गाडी उभी राहून झालेला आहे, आणि अशा वेळी लोक घाबरून पार्ट बदलत सुटतात त्याचं मला खरंच वाईट वाटतं. काढून फेकलेला जुना पार्ट बऱ्याचदा नव्यापेक्षा चांगला असतो हो.

प्रश्न : काका नमस्कार. बाबांची १९८४ ची बुलेट ३५० आहे. ते गेले तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, अंगणात उभी आहे. मेकॅनिक म्हणतो हाफ इंजिन, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उघडून दुरुस्ती, करावंच लागेल. मला आधी स्वतःच्या हाताने चालू करून बघायची आहे. डिपस्टिकवर ऑइल अजिबात दिसत नव्हतं म्हणून एक लिटर टाकलं. पुढे काय करू? – इंदूरच्या लोकमान्य नगरहून एक वाचक

आधी एक करा, आता एक थेंबही ऑइल टाकू नका आणि किकही मारू नका. जुन्या लोखंडी इंजिनच्या बुलेटमध्ये ऑइलची टाकी इंजिनाच्या अंगातच पण वेगळ्या कप्प्यात असते, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ते ऑइल पंपातून हळूहळू झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, जाऊन बसतं. म्हणून डिपस्टिक कोरडी दिसते. ऑइल कुठे गेलेलं नाही, फक्त जागा बदलली आहे. त्यात तुम्ही एक लिटर वरून टाकलंत, आता तशीच चालू केली तर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून, ऑइल बाहेर येईल आणि सायलेन्सरमधून इतका पांढरा धूर निघेल की पिस्टनच्या रिंग गेल्या असंच वाटेल. कितीतरी चांगली इंजिनं या एका गैरसमजामुळे उघडली गेली आहेत. क्रँककेसच्या तळाचा ड्रेन बोल्ट काढा, खाली मोठं तसराळं ठेवा, सगळं निघू द्या, टाकीचंही काढा, सहा वर्षांचं ऑइल तसंही कामाचं नाही. मग ताजं २०डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल भरा, सव्वादोन लिटरच्या आसपास लागतं. गिअरबॉक्स आणि चेनकेस यांचं ऑइल वेगळं असतं, तेही बघा, लोक इंजिनाचं बदलतात आणि हे दोन विसरतात.

आता इंजिन मोकळं आहे का ते बघायचं. प्लग काढा, त्या भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आत सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी प्लग न लावता गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने हळू पुढे-मागे हलवा. पिस्टन चिकटलेला असला तरी बहुतेक वेळा असा सुटतो. जोर लावायचा नाही, किकवर उभं राहून तर मुळीच नाही. नाहीच सुटला तर परत ऑइल सोडा आणि अजून एक दिवस थांबा, सहा वर्षं थांबलात तर एक दिवस काय. क्लचच्या प्लेटाही चिकटलेल्या असतील, तर क्लच दाबून चार-पाच हलक्या किका मारा, सुटतील.

टाकीतलं पेट्रोल वास घेऊन बघा. टर्पेंटाइनसारखा वास आला तर सगळं काढून टाका आणि कार्बोरेटर उघडा, कारण तेच पेट्रोल सुकून जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी भोकात, गोंदासारखं बसलेलं असतं. मोठ्या भावाची बुलेट मी अशीच उघडली होती. पायलट जेट ट्यूबलाइटसमोर धरली तर आरपार काही दिसेना, मला वाटलं याला भोकच नाहीये. मग स्पीकरच्या वायरमधली तांब्याची एकच तार सोलून घेतली, जेट पेट्रोलमध्ये भिजवून ती तार हलक्या हाताने फिरवली, पंपाने हवा मारली, आणि परत उजेडाकडे धरली तेव्हा सुईच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका दिसला. तेवढ्या ठिपक्यासाठी गाडी वर्षभर बंद होती. सुई किंवा टाचणी घालू नका, पितळेचं भोक मोठं झालं तर जेट गेली. टाकीत गंज असेल तर व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण सुकवा आणि लगेच पेट्रोल भरा, नाहीतर ओल्या पत्र्यावर त्याच दिवशी परत गंज चढतो.

स्पार्कसाठी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, बघा. त्यावर राखाडी थर चढलेला असेल, बारीक पॉलिश पेपरने घासा आणि मग कोरं व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून ओढा म्हणजे कण निघून जातील. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पात्यांनी, मोजूनच, अंदाजाने नाही. बॅटरी नवी घेण्याआधी गाडी किती व्होल्टची आहे ते मात्र नीट बघा कारण जुन्या बुलेट ६ व्होल्टच्याही होत्या. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तीही बघून घ्या, इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर असताना पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दोन बोटांनी मोकळा फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. आणि एक, काही नट इंचाच्या मापाचे असतात, मिलिमीटरचा पाना ढिला बसतो आणि कोपरे गोल करतो. इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरवाल्याकडे इंचाचे पाने मागा, एक सेट आयुष्यभर पुरतो.

मग किक. चावी ऑन करून किक हळूहळू दाबत जा, अँपिअरच्या मीटरचा काटा मायनसकडून मधोमध आला की थांबा, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून किक अगदी थोडी पुढे न्या, सोडा, किक वर येऊ द्या आणि आता एकच पूर्ण लांब किक. बाबांना हे करताना तुम्ही लहानपणी शंभरदा पाहिलं असेल. मेकॅनिकचं हाफ इंजिन यानंतर, गरज पडली तरच. चालू झाली की मला जरूर कळवा.

प्रश्न : १९९७ ची मारुती ८००. बायपासला मस्त चालते पण राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर चढतो. एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला तरी तेच. आता रेडिएटर बदला म्हणतो. – सुदामा नगर

बायपासला गरम होत नाही आणि ट्रॅफिकमध्येच होते, यातच उत्तर आहे. वेगात असताना समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड करते, गाडी थांबली की ते काम पंख्याचं. म्हणजे पंखा फिरत नाहीये. बॉनेट उघडून गाडी उभ्या-उभ्या गरम होऊ द्या, काटा चढत गेला आणि पंखा गप्पच राहिला तर इंजिन लगेच बंद करा. आधी फ्यूज बघा. मग पंख्याच्या थर्मोस्विचचा (पाणी तापलं की पंखा चालू करणाऱ्या स्विचचा) कनेक्टर काढून त्याच्या दोन्ही वायरी वायरच्या तुकड्याने जोडा आणि चावी ऑन करा, हात आणि बाही पात्यापासून लांब. पंखा फिरला तर स्विच खराब, स्वस्तात काम झालं. नाही फिरला तर मोटर किंवा तिची वायरिंग. रेडिएटरचा यात काही दोष नाही, तो बदलायचा असता तर गाडी बायपासला आधी तापली असती.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, परत बसवाच. तो काढला की इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, सिलिंडर लवकर घासतात. जुना सांभाळून ठेवला असेल तर घरी तपासता येतो, एका जुन्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने लटकवा आणि गॅसवर ठेवा. उघडायचं तापमान त्यावरच कोरलेलं असतं, बहुतेक ८२ च्या आसपास. पाण्यातून वाफा येऊन उकळी फुटायच्या बेताला तो डोळ्यांदेखत उघडतो, बघायला फार छान वाटतं, मुलांना जवळ बोलवून दाखवा. उकळी आली तरी बंदच राहिला तर नवा आणा. ते पातेलं मात्र परत स्वयंपाकात नको.

आणि गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडू नका, कितीही घाई असो. नळाचं पाणी भरत असाल तर तेही बंद करा, आतून गंज धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं.

प्रश्न : माझी आरएक्स १०० आहे. इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्या संपणार असं सगळे म्हणतात. विकून टाकू का? – महूहून एक वाचक

विकू नका! आरएक्स १०० ही १९९६ नंतर बनलेलीच नाही, गेली की गेली. पण काळजी खोटी नाहीये. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि तुमची गाडी त्यासाठी बनलेली नाही. यात तीन गोष्टी होतात. एक तर जुनं रबर फुगतं किंवा चिरतं, म्हणून पेट्रोलचा पाइप, कॉकचे वायसर, कार्बोरेटरच्या ओ-रिंगा आणि फ्लोट नीडल बदलून घ्या, फार खर्चाचं काम नाही. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धी टाकी दोन-तीन महिने उभी राहिली तर पाणी वेगळं होऊन तळाला बसतं आणि कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी पावडर धरते. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होते. टाकीत गळ्यापर्यंत पेट्रोल ठेवा, म्हणजे आत ओल्या हवेला जागाच उरत नाही.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही आणि टू-स्ट्रोकला तीच महत्त्वाची आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक तापते, जास्त तापली तर पिस्टन जाम. पाच-सात किलोमीटर जोरात चालवा, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा, प्लग काढून बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम. पांढरा खडूसारखा असेल तर मेन जेट एक नंबर मोठी टाका आणि परत बघा. मायलेज थोडं कमी होईल, ते मान्य करावं लागेल, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच साधारण एक तृतीयांश कमी असते.

प्रश्न : काका, मी कॉलेजात आहे. आईची कायनेटिक होंडा तिने दहा वर्षांपूर्वी बंद ठेवली, आता मला ती वापरायची आहे. चालू होते पण आवाज नुसता वाढतो, गाडी पळत नाही, चढावर तर उभीच राहते. – राजेंद्र नगर

बेटा, फार बरं वाटलं वाचून. ही गाडी आपल्या शेजारची आहे, पीथमपूरला बनायची, त्या काळात गिअर नसलेली, बटणावर चालू होणारी गाडी म्हणजे केवढं अप्रूप होतं.

आवाज वाढतो पण गाडी पळत नाही म्हणजे इंजिन ठीक आहे, ताकद चाकापर्यंत पोचत नाहीये. डावीकडचं कव्हर उघड, आत रबरी पट्टा दिसेल. त्याला तडे असतील, कडा चकचकीत झाल्या असतील किंवा पट्टा नव्यापेक्षा अरुंद झाला असेल तर बदल. पुढच्या पुलीतले रोलर गोल असले पाहिजेत, एका बाजूने चपटे झाले असतील तर सगळे एकदम बदलायचे. क्लचचे शू गुळगुळीत झाले असतील तर रेगमालने (पॉलिश पेपरने) घासून घे. उलट आवाजच वाढला नसता, इंजिन घुसमटल्यासारखं वाटलं असतं तर मी तुला सायलेन्सरमधला कार्बन काढायला सांगितलं असतं.

पण चालवायच्या आधी एक काम नक्की कर. या गाडीत टूटी ऑइलची, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलची, टाकी वेगळी असते आणि पंप ते इंजिनला देतो. दहा वर्षांत पाइपात हवा शिरलेली असते, हवा शिरली की ऑइल पोचत नाही आणि पिस्टन जाम होतो. पाइपात बुडबुडे दिसत नाहीत ना ते बघ आणि पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही लिटरमागे २० मिली टूटी ऑइल मिसळ. धूर थोडा जास्त येईल, येऊ दे.

प्रश्न : आमचीही मारुती ८०० आहे. मागचे ब्रेक शू घरीच बदलायचे आहेत, व्हिडिओ बघितले, सोपं वाटतं. गाडीतला जॅक आहे, तो पुरेल ना? – तिलक नगर

नाही पुरणार. जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. मी रामबागेतल्या जुन्या घराच्या अंगणात फियाट जॅकवर चढवून चाक काढलं होतं आणि डिकीतून काढलेली स्टेपनी गाडीखाली, स्प्रिंगच्या पाट्याखाली सरकवली होती, ती सुद्धा मामांनी ओरडून सांगितलं म्हणून. मी पाना आणायला उठलो आणि फरशीवर जॅक तिरका झाला. आवाज फार मोठा नव्हता, धप्प, बस. गाडी स्टेपनीवर येऊन थांबली होती आणि दोन मिनिटांपूर्वी माझा हात जिथे होता तिथे वीतभरसुद्धा जागा उरली नव्हती. आजही तो आवाज आठवतो.

तुमच्या कामात अजून एक अडचण आहे. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि तुम्ही मागचंच चाक उचलणार, ड्रम काढायला हँडब्रेक सोडावाही लागणार. म्हणजे गाडी अडवायला काहीच उरत नाही. सपाट सिमेंटवर उभी करा, पहिला गिअर टाका, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, विटा नकोत, वजनाने वीट अचानक फुटते. उचलल्यावर जॅक स्टँडवर, म्हणजे वजन धरून ठेवणाऱ्या लोखंडी पायांवर, टेकवा आणि हाताने ढकलून बघा, हलली तर परत नीट लावा. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंगा कशा होत्या ते बघायला दुसरी बाजू तशीच राहते. आतली धूळ फुंकू नका, पंपाने उडवू नका, जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. आणि ड्रम पेट्रोलने धुणार असाल तर अंगणात धुवा, घरात नाही, पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि देवघरात समई किंवा बाथरूममध्ये गॅस गीझर चालू असला तर तिथपर्यंत पोचते. स्टँडची जोडी सियागंजात मिळेल, ती आधी आणा, शू नंतर.