कृष्णवर्णीय किंवा आशियाई पंचाची चूक जास्त गाजते का?

प्रश्न असा आहे: इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या अव्वल विभागात, कृष्णवर्णीय वा आशियाई पंच चुकला की लोक त्याच्यावर इतरांपेक्षा जास्त तुटून पडतात का? आणि उलट बाजूने, पंच स्वतः खेळाडूचा रंग पाहून कार्ड काढतात का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आकड्यांनी थोडंफार देता येतं. पहिल्याचं येत नाही, आणि ते का येत नाही, तिथेच खरी मेख आहे.

उराया रेनी १९९७ साली प्रीमियर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. २००८ मध्ये त्याची तिथली कारकीर्द संपली. पुढचा कृष्णवर्णीय पंच, सॅम ॲलिसन, थेट २६ डिसेंबर २०२३ला शेफील्ड युनायटेड आणि लूटनच्या सामन्यात उतरला. लीगच्या एका मोसमात ३८० सामने होतात. म्हणजे मधल्या पंधरा वर्षांत साडेपाच हजारांच्या वर सामने झाले आणि मुख्य पंचाची शिट्टी एकदाही कृष्णवर्णीय माणसाच्या तोंडात नव्हती. दक्षिण आशियाई वंशाचा पहिला ब्रिटिश पंच सनी सिंग गिल तर ९ मार्च २०२४ला क्रिस्टल पॅलेस–लूटन सामन्यात आला. त्याचे वडील जर्नैल सिंग २००४ ते २०१० या काळात इंग्लंडच्या खालच्या विभागांत पगडी बांधून सामने चालवत असत.

‘जास्त गाजते’ हे सिद्ध करायचं तर अंश आणि छेद दोन्ही लागतात. टीका किती झाली हा अंश. निर्णय किती दिले आणि त्यातले किती चुकले हा छेद. पंच एक-दोनच, त्यांचे सामने मोजके, मग छेद इतका लहान होतो की एखाद्या फसलेल्या पेनल्टीने सगळं गणित फिरतं. शिवाय ‘पहिला’ म्हणून उतरलेल्या पंचाकडे कॅमेरे आधीच वळलेले असतात. त्यातलं कुतूहल किती आणि आकस किती हे वेगळं काढता येत नाही. त्यामुळे कुणी छातीठोकपणे ‘चाळीस टक्के जास्त टीका होते’ असं सांगत असेल, तर छेद कुठून आणला ते आधी विचारा.

एक गोष्ट मात्र आकड्यांशिवायही दिसते: चूक कुणाच्या खात्यात टाकली जाते. २०१०च्या विश्वचषकात अमेरिका–स्लोव्हेनिया सामना २-२ असताना मालीच्या कोमान कुलिबाली यांनी ८५व्या मिनिटाला अमेरिकेचा गोल रद्द केला. कशासाठी, हे धड कळलंच नाही. लगेच ‘आफ्रिकेतले पंच या पातळीचे आहेत का’ ही चर्चा सुरू झाली. त्याआधी चार वर्षं, २००६ साली श्टुटगार्टमध्ये इंग्लंडच्या ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या शिमुनिचला एकाच सामन्यात तीन पिवळी कार्डं दाखवली होती. दुसऱ्या कार्डालाच त्याला बाहेर काढायला हवं होतं. नियमाच्या हिशेबाने ही चूक कुलिबालींच्या चुकीपेक्षा ढोबळ, कारण तिथे मतभेदाला जागाच नाही. पोल यांची मनसोक्त टिंगल झाली, पण ती पोल यांची झाली. अख्ख्या खंडाला त्याचा जाब कुणी विचारला नाही. मला विचाराल तर वर्णाचा परिणाम टीकेच्या आवाजापेक्षा या हिशेबात जास्त आहे.

पण टीव्हीवरची टीका पंचाची कारकीर्द फारशी ठरवत नाही. ती ठरते खाली, जिथे कॅमेरा नसतो. इंग्लंडमध्ये अर्धव्यावसायिक पातळीवर प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही क्लब पंचाला शंभरपैकी गुण देतात. ६० किंवा त्याहून कमी दिले तर लेखी कारण द्यावं लागतं. अधूनमधून निरीक्षक येऊन वेगळा अहवाल लिहितो. मोसमाअखेर या सगळ्यावरून क्रमवारी लागते आणि बढती किंवा घसरण होते. धावण्याची चाचणी घड्याळावर होते, तिथे कुणाचा रंग आड येत नाही. फिफाच्या पुरुष पंचांच्या चाचणीत ७५ मीटर १५ सेकंदांत धावायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं चाळीस वेळा. जमलं तर जमलं. निरीक्षकाच्या अहवालात मात्र संवाद, खेळाडू हाताळणं, सामन्यावरची पकड असे रकाने असतात. एकाच्या ठाम आवाजाला ‘अधिकार’ म्हणायचं की ‘आक्रमकपणा’, हे लिहिणाऱ्याच्या हातात. आणि ६१ गुण दिले तर क्लबला कारणही द्यावं लागत नाही. दरवर्षी दोन-तीन गुणांची अशी गळती झाली की माणूस वर पोहोचेपर्यंत वय निघून जातं, आणि कुठल्याही एका अहवालात बोट ठेवावं असं काही सापडत नाही.

आता दुसरा भाग, पंच रंग पाहून कार्ड काढतात का. यावरचा सगळ्यात उपयोगी प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. २९ गटांना, एकूण ६१ विश्लेषकांना, एकच माहिती दिली: इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स आणि स्पेनच्या अव्वल विभागांतले २०१२-१३ मोसमाचे दोन हजारांवर खेळाडू, कारकिर्दीत त्यांची गाठ पडलेले तीन हजारांवर पंच, आणि कुणी कुणाला किती कार्डं दाखवली. खेळाडूचा वर्ण दोन माणसांनी फोटो पाहून पाच पायऱ्यांच्या मापावर नोंदवला होता. प्रश्न एकच: गडद वर्णाच्या खेळाडूला लाल कार्ड जास्त मिळतं का? २० गटांना संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा फरक सापडला, ९ गटांना नाही. शक्यतांचं गुणोत्तर (१ म्हणजे काहीच फरक नाही, त्याहून जास्त म्हणजे गडद वर्णाच्या खेळाडूला लाल कार्डाची शक्यता जास्त) कुणाचं ०.८९ आलं, कुणाचं २.९३, मधलं मूल्य १.३१. लाल कार्ड मुळात दुर्मीळ, म्हणून १.३१ चा अर्थ साधारण असा लावा: उजळ वर्णाच्या खेळाडूला हजार सामन्यांत चार लाल कार्डं मिळत असतील तर गडद वर्णाच्या खेळाडूला पाच. एका सामन्यात हे कुणाच्याही डोळ्याला दिसणार नाही.

माहिती एकच असून उत्तरं इतकी का पांगली? कारण प्रत्येक गटाने आधी काय वजा करायचं ते वेगळं ठरवलं. बचावपटूला कार्डं जास्त मिळतात, मग खेळण्याची जागा धरायची की नाही? लीग धरायची का? एकच पंच शेकडो नोंदींत येतो, त्या स्वतंत्र मानायच्या का? आणि सगळ्यात मोठी उणीव कुणालाच भरून काढता आली नाही: नोंदीत कार्ड होतं, फाउल नव्हता. पाय कुठे लागला, चेंडू किती दूर होता, काहीच नाही. त्यामुळे ‘फरक बहुधा आहे’ इथपर्यंत जाता येतं, ‘पंच वर्णद्वेषी आहेत’ इथपर्यंत नाही.

पंचावर थेट आरोप झाला की काय होतं, त्याची दोन उदाहरणं. २८ ऑक्टोबर २०१२ला चेल्सी–मँचेस्टर युनायटेड सामन्यानंतर पंच मार्क क्लॅटनबर्ग यांनी चेल्सीचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉन ओबी मिकेलला वर्णावरून शब्द वापरल्याचा आरोप झाला. ऐकल्याचं सांगणारा त्याचा सहकारी रामिरेस होता. चारही पंच (मुख्य, दोन सहायक आणि मैदानाबाहेरचा चौथा) माइकने एकमेकांशी जोडलेले, आणि बाकीच्या तिघांनी तसं काही ऐकलं नव्हतं. मात्र ते बोलणं तेव्हा रेकॉर्ड होत नसे. क्लॅटनबर्ग निर्दोष ठरेपर्यंत जवळपास चार आठवडे सामन्यांपासून दूर राहिले. पंचांच्या खोलीत घुसून हुज्जत घातल्याबद्दल मिकेलवर तीन सामन्यांची बंदी आणि ६० हजार पौंडांचा दंड बसला. रेकॉर्डिंग असतं तर दोन्ही बाजूंसाठी प्रकरण फार लवकर मिटलं असतं.

दुसरं पॅरिसचं. ८ डिसेंबर २०२०, चॅम्पियन्स लीग, पीएसजी विरुद्ध इस्तंबूल बशाकशेहिर, चौदावं मिनिट. रोमानियन चौथा पंच सेबास्टियन कोल्तेस्कूला मुख्य पंचाला सांगायचं होतं की बाकावरून कोण आरडाओरडा करतंय. त्याने बशाकशेहिरचा कृष्णवर्णीय सहायक प्रशिक्षक पिएर वेबोला ‘नेग्रु’ म्हणून दाखवलं. रोमानियन भाषेत त्याचा अर्थ ‘काळा’ एवढाच, ती शिवी नव्हे. बशाकशेहिरचा राखीव खेळाडू डेम्बा बा याने मात्र तिथल्या तिथे नेमकं विचारलं: गोऱ्या माणसाला तुम्ही ‘हा माणूस’ म्हणता, मग आमच्या बाबतीत ‘हा काळा माणूस’ का? दोन्ही संघ मैदान सोडून गेले. सामना दुसऱ्या दिवशी नवे पंच आणून पुरा केला, आणि कोल्तेस्कू मोसम संपेपर्यंत निलंबित झाला. युएफाने (युरोपीय फुटबॉलची संघटना) त्याला वर्णद्वेषासाठी नव्हे, अनुचित वर्तनासाठी शिक्षा दिली.

इथली चूक कामाच्या पद्धतीतली आहे, म्हणून ती टाळताही येते. खेळाडू असेल तर पाठीवरचा नंबर सांगायचा. बाकावरच्या प्रशिक्षकाला नंबर नसतो, तिथे संघ, हुद्दा आणि बसण्याची जागा सांगायची: ‘पाहुण्यांचा सहायक, डावीकडून तिसरा’. तेही जमत नसेल तर चौथ्या पंचाने बाकाशेजारी उभं राहून मुख्य पंचाला जवळ बोलवायचं आणि त्या माणसासमोर जाऊन थांबायचं. पाच-दहा सेकंद जास्त जातात, एवढंच.